गाडी कोण चालवत होतं

बस डेपो,
३ फेब्रुवारी

पोटाला चिमटा काढून गाडी घेतलेल्या, सिग्नलला थांबणाऱ्या, हप्ता कधीही न चुकवणाऱ्या, आणि तरीही विमा कंपनीच्या काउंटरपुढे आरोपीसारखं उभं राहावं लागणाऱ्या समस्त बंधू-भगिनींनो,

चुकलं. ती. ताईस शि. सा. न. वि. वि. काल संघटनेची सभा होती, तिचा जोर अजून हातातून उतरलेला नाही. पण वरचं खोडत नाही. तूही त्या समस्तांतलीच.

तुझ्या भावजयीने, धाकटीने, सांगितलं की तिसऱ्या कंपनीनेही तुला नकार दिला. कारण काय, तर तू ‘अतिजोखमीची चालक’! ताई, मी हे दोनदा विचारून घेतलं. तू? रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना हात दाखवणारी? तुझ्यामागून चालत जाणारी माणसं तुला ओलांडून पुढे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

विमा ही मुळात किती थोर कल्पना! शंभर जणांनी थोडं थोडं बाजूला काढायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला उभं करायचं. माणुसकीचा याहून सरळ हिशेब मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. आणि या लोकांनी त्याचं काय केलं? ज्याच्यावर वेळ येण्याची शक्यता, त्यालाच आधी रांगेतून बाहेर काढायचं. उरलेल्या सुखरूप माणसांकडून हप्ते घ्यायचे आणि त्याला सेवा म्हणायचं!

तुझी आताची पॉलिसी संपत आलीय, तुझ्या संस्थेने महिनाअखेरपर्यंत नव्या विम्याचा कागद मागितलाय आणि तो नसेल तर रुग्णांच्या घरी जाणं बंद, हेही कळलं. मी हे असं सोडणार नाही. फोन करणार होतो, पण तुझा नियम आहे की गंभीर गोष्ट लिहून कळवायची, कारण फोनवर मी तुला बोलू देत नाही म्हणे. म्हणून हे पत्र. काळजी करू नकोस. तुझ्यामागे भाऊ आहे आणि भावामागे साऱ्या डेपोचे चालक.

लोभ आहेच, तो जागेवर आहे ना, एवढं अधूनमधून पाहत जा.

तुझा,
भाऊ (तुम्ही सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणता, तोच)

—

घर,
९ फेब्रुवारी

चि. भाऊ यास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सभा संपल्यावर खाली माझं नाव सापडलं, बरं वाटलं.

हे पत्र मुद्दाम डेपोच्या पत्त्यावर धाडतेय. घरी धाकटीच्या हाती पडायला नको. का, ते तुला ठाऊक आहे.

तीनच नाही, आता चार कंपन्या झाल्या. एजंट बिचारा भला माणूस आहे. माझ्यासमोर नाव टाकून दाखवलं आणि म्हणाला, बाई, बघा, तुमचं नाव घातलं की पडदाच लाल होतो. एकीने तयारी दाखवली होती. तिचा हप्ता ऐकून मी म्हटलं, मला विमा हवाय हो, तुमची कंपनी विकत नकोय. तो हसला. मग दोघांनाही हसू पुरलं नाही.

भाऊ, तू कंपनीवर चिडलास, पण त्यांच्याकडे जे लिहिलंय त्यावरून ते चुकत नाहीत. माझ्या नावावर तीन अपघात आहेत. पहिला फर्निचरच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या ट्रकचा. दुसरा औषधाच्या दुकानाच्या शटरचा. तिसरा इस्पितळाच्या फाटकाचा, मागे घेताना. तिसरा माझाच. दिवसभराच्या फेऱ्या करून डोकं जागेवर नव्हतं आणि फाटकाचा खांब होता. दुसरा ह्यांचा. नजर अधू झाली होती आणि चष्मा लावायला तयार नव्हते. आणि पहिला कुणाचा, ते तुला मी सांगायला नको.

आपल्या घरची रीतच ती. बाहेरचा माणूस दारात आला की उत्तर थोरल्याने द्यायचं. तू शेजाऱ्यांची काच फोडायचास आणि मी दारात जाऊन माझ्या हातून फुटली म्हणायची. बाबा आतून ऐकत असायचे, आणि नंतर माझ्याच ताटात जास्त वाढायचे. त्या दिवशी ट्रकपाशी पोलीस आला, गाडी कोण चालवत होतं म्हणून विचारलं, आणि तू तोंड उघडायच्या आत माझं तोंड उघडलं होतं. तुझं चालकाच्या नोकरीचं पत्र यायचं होतं. विचार करून बोलले असं नाही रे. सवयीने बोलले.

ह्यांच्या वेळीही तेच. ते आता सांगायला येऊ शकत नाहीत आणि त्यांच्या माघारी मी त्यांचं नाव काढणार नाही.

तेव्हा मेहेरबानी कर, कंपनीला पत्रबित्र लिहू नकोस. डेपोत एवढे चालक आहेत, त्यांच्यापैकी कुणाला माझ्यासारखीला घेणारी एखादी कंपनी ठाऊक असेल तर विचार. बस, तेवढंच. फेऱ्या बंद झाल्या तर मला फोनपाशी बसवणार आहेत. फोनवरून जखम बांधता येत नाही. खाणीच्या वरच्या वस्तीत माझा एक म्हातारा घड्याळजी आहे, त्याच्या पायाची जखम कुठे आता भरायला लागलीय. दुसऱ्या कुणाला तो पायाला हात लावू देत नाही. नव्या मुलीला म्हणाला, तुझे हात मिनिटकाट्यासारखे पळतात, मला तासकाटा पाठवा.

चिमणीला सांग, आत्याने दोन पुस्तकं आणून ठेवलीत. पूर्वी शनिवारी माझ्याबरोबर वाचनालयात यायची. आता क्लास असतात म्हणे. मुलं मोठी होतात, चालायचंच.

लोभ कर, पण हळू आवाजात कर.

ताई

—

बस डेपो,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हाती आलं आणि माझं कंपनीला गेलेलं परवाच पोस्टात पडलं. उशीर झाला. खरं सांगू का, वेळेत आलं असतं तरी मी थांबलो असतो की नाही, शंका आहे.

चार पानं लिहिलीत. थेट तुझ्या आताच्या कंपनीच्या मुख्य व्यवस्थापकांना. माझी बहीण तिसाव्या वर्षापासून परक्यांच्या जखमा धुतेय आणि तुम्ही तिला धोका म्हणता, इथून सुरुवात केली. शेवट तर असा उतरलाय की डेपोत वाचून दाखवला तेव्हा कंडक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मधे ठणकावून लिहिलंय की या तिन्ही अपघातांच्या वेळी माझी बहीण गाडी चालवतच नव्हती! तिन्ही वेळा ती दुसऱ्याला वाचवत होती! जी बाई दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेते, तिच्याहून भरवशाचा ग्राहक तुम्हाला कुठे मिळणार?

नावं कुणाची घातली नाहीत, घाबरू नकोस. तत्त्वाच्या लढाईत नावांची गरज नसते.

आता बघ ते कसे धावत येतात.

धाकटी आणि चिमणी मजेत. चिमणीचे क्लास चालू आहेत.

लोभ वाढवायला आता कारणही मिळेल तुला.

भाऊ

—

घर,
२७ फेब्रुवारी

चि. भाऊ यास आशीर्वाद. वि. वि.

आले ते धावत. तू म्हणालास तसंच.

आतापर्यंत मी कंपनीच्या दप्तरात निष्काळजी होते. आता खोटारडीही झाले. त्यांचं उत्तर सोबत धाडत नाही, तुला अजून चार पानं सुचतील. त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. इस्पितळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला चालवताना पाहिलं होतं, त्याचा जबाब तेव्हाच घेतलेला आहे. म्हणजे तुझ्या पत्रातली एक गोष्ट उघड खोटी. आणि बाकीच्या दोन खऱ्या असतील, तर तेव्हा त्यांना मीच खोटं सांगितलं होतं. कुठूनही मोजलं तरी खोटं माझ्याच पदरात पडतं. होती ती पॉलिसीसुद्धा त्यांनी थांबवली. चौदा मार्चला, गुरुवारी, त्यांच्या तक्रार समितीपुढे मला बोलावलंय, आणि पत्र तुझं म्हणून तुलाही. तिथे त्यांनी मला खोटं बोलणारी ठरवलं, तर ते सगळ्या कंपन्यांना कळवतात आणि मग कुणीच, कुठल्याही हप्त्याला, मला घेणार नाही. एजंटने हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

तुला दोन म्हणवलं नाही का रे? मी तुला लिहिलं होतं, तिसरा माझाच. पण तू वाचायच्या आधीच बोलून मोकळा. सभेत तीन चांगले वाजतात, कळतं मला. पण खांब खांबच होता आणि तो मीच ठोकला होता. चार पानांत तू सगळं लिहिलंस, कोण चालवत होतं तेवढं सोडून.

मी रागावलेले नाही. रागवायला ताकद लागते. गाडी दारात उभी आहे आणि मी बसने फिरतेय. खांद्याला बॅग, हातात इन्सुलिनचा थंड डबा, आणि बसमधली माणसं मला डबेवाली समजून आज काय भाजी विचारतात. खाणीच्या वर बस जात नाही. परवा चढण चढून पोहोचले तर घड्याळजीने वाट पाहून स्वतःच पट्टी सोडली होती आणि पायाला हातरुमाल बांधून बसला होता. मला काही बोलला नाही. भिंतीवरची सगळी घड्याळं मात्र बोलत होती.

संस्थेच्या मॅडमनी सांगितलंय, त्या गुरुवारनंतर वरची वस्ती नव्या मुलीकडे. त्यांचंही बरोबर आहे. एका दिवसात मी जेवढी घरं करायचे त्याच्या निम्मी होत नाहीत.

धाकटीच्या कानावर यातलं काही घालू नकोस. आपलं ठरलंय ते ठरलंय.

बाकी ठीक. लोभ जसा आहे तसा राहू दे, आता आणखी काही वाढायला नको.

ताई

—

घर,
५ मार्च

ती. वन्संना धाकटीचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला आजवर कधी पत्र लिहिलं नव्हतं. सुरुवात कशी करावी कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. काल जेवताना ह्यांनी मला सांगितलं. ट्रकच्या वेळी गाडी तुम्ही चालवत नव्हता. हे चालवत होते.

चिमणी मागच्या सीटवर गाढ झोपलेली होती. तिच्या हनुवटीला टाके पडले, ते तुम्हीच घालून घेतलेत, रोज येऊन पट्टी तुम्हीच बदललीत. मी दारात उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, आधी पाडायचं आणि मग मलम लावायचं. वन्सं, मी हे मनात म्हणायची. तोंडाने चहा विचारायची.

त्या दिवसापासून मी चिमणीला तुमच्या गाडीत बसू दिलेलं नाही. शनिवारचे क्लासबिस काही नव्हते. मीच सांगायची क्लास आहे म्हणून सांग. ती आधी रडायची, मग रडायची थांबली, मग तिलाच वाटायला लागलं की आत्याची गाडी धोक्याची. कंपनीने तुमच्या नावावर लाल शेरा आता मारला, मी तो पाच वर्षांपूर्वीच मारला होता. कंपनीपाशी निदान कागद तरी होता.

मला तुमचा राग येतोय, हेही लिहून टाकते. माफी मागायला बसले होते आणि रागच येतोय. तुम्ही ह्यांना वाचवलंत, पण मला त्या खोट्यात का ठेवलंत? मी काय बाहेरची होते? दारात आलेला पोलीस होते?

इथली स्थिती सांगते. ह्यांचं नाव डेपोच्या प्रशिक्षक पदासाठी पुढे गेलंय. नव्या चालकांना शिकवायचं, ते ह्यांच्या मनात किती दिवसांचं आहे हे तुम्ही जाणता. त्यासाठी आयुष्यात एकही अपघात नसावा लागतो आणि तसं ह्यांनी सही करून दिलंय. म्हणून बोलणं बंद झालंय. तोफ थंड आहे, वन्सं. काल भाजीवाल्याने वजनात मारलं आणि हे गप्प राहिले. भाजीवालाच घाबरला, तब्येत विचारायला लागला.

गुरुवारी समितीपुढे भाषण करायचं म्हणून पानंच्या पानं लिहिताहेत. मी वाचली. विम्याचा सगळा इतिहास आहे त्यात. ट्रक नाही.

मी ह्यांना काही सांगितलं तर ती बायकोची भुणभुण होते. तुम्ही सांगा. मला तुमच्यावर लोभ करायचाय, आतापर्यंत करू दिला नाहीत.

तुमची,
धाकटी

—

बस डेपो,
७ मार्च

ती. ताईस नमस्कार वि. वि.

धाकटीने तुला लिहिलंय, तिनेच मला सांगितलं. घरात माझ्याशी मोजून बोलते आहे. चिमणीलाही कळलं. तिने हनुवटीला हात लावून पाहिला आणि अभ्यासाला गेली. हजार माणसांनी हुर्यो केली असती तर मी सोसली असती.

समितीपुढे बोलण्यासाठी मी बावीस पानं लिहिली आहेत. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि मी त्यासाठी कुणाशीही भांडेन. पण तुझ्यापासून लपवत नाही: त्यात एक वाक्य घालायला हवं होतं, ते येत नाही. काल रिकाम्या बसमध्ये उभा राहून म्हणून पाहिलं. मैदानावर लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा माझा आवाज, आणि ते वाक्य ड्रायव्हरच्या सीटपर्यंतही पोहोचलं नाही.

प्रशिक्षक पद जाईल, हे एक. कदाचित नोकरीवरही येईल. पण तेवढंच नाही. मी लोकांना सांगत आलो की चूक वरच्यांनी करायची आणि भरायची खालच्यांनी, हा अन्याय आहे. दर सभेत सांगितलं. आणि माझ्या घरात पाच वर्षं कोण भरत होतं?

तू म्हणशील तसं करतो. तू नको म्हणालीस तर वाक्य नाही घालत, बाकीच्या पानांवर लढतो. काय ते कळव.

भाऊ

—

घर,
९ मार्च

चि. भाऊ यास आशीर्वाद. वि. वि.

तू माझ्याकडून ‘नको’ मागतो आहेस. द्यायची सवय आहे मला, आणि ते देण्यासाठीच बसले होते. नको रे, तुझी नोकरी, तुझं पद, मी काय, काही वर्षं फोनपाशी बसेन, असं निम्मं पान लिहूनही झालं होतं. मग धाकटीचं पत्र पुन्हा वाचलं आणि ते पान फाडलं.

मला वाटायचं, मी हे सगळं माझ्या एकटीवर घेतलंय. हप्ता मी भरेन, लाल पडदा मी बघेन, दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. आणि तिकडे एक लहान मूल शनिवारी घरात बसून होतं आणि आत्याला भ्यायला शिकत होतं. धाकटी माझ्यासमोर चहा ठेवत होती आणि मला घाबरत होती. मी बाहेरच्याला उत्तर देत राहिले आणि घरातल्या कुणालाच कधी दिलं नाही. बाबांची रीत चांगली होती की वाईट, मला आता ठरवायचं नाही. मी दमले, एवढंच. ती माझ्यापुरती संपली.

धाकटीला मी काल वेगळं पत्र टाकलं. तिचा राग बरोबर आहे असं लिहिलं, आणि दुसरं काही लिहिलं नाही.

आता व्यवहाराचं. एजंटने सांगितलंय, ट्रकचा अपघात ज्याचा त्याच्या नावावर गेला तर माझ्याकडे दोन राहतात, आणि दोन असलेल्या माणसाला घेणाऱ्या कंपन्या आहेत. हप्ता चढा असेल, पण मी भरेन. ह्यांचा माझ्याकडेच राहील. तो मी कुणाला मागितलेला नाही आणि देणारही नाही. मी पोलिसाला खोटं सांगितलं ते मी समितीला सांगेन. त्याची जी शिक्षा असेल ती माझी. ती तू मागू नकोस, तुला मोठेपणा मिळवायला दुसऱ्या जागा आहेत.

तुझं पद कदाचित जाईल. जाणार नाही, असं खोटं मी आता तुला सांगणार नाही. गेलं तर वाईट वाटेल मला, खूप वाटेल. तरीही ये.

बावीस पानं आणू नकोस. ती खरी आहेत हे मला मान्य आहे. विम्याचा इतिहास, शंभर माणसांचं थोडं थोडं, सगळं खरं आहे, एखाद्या सभेत जरूर बोल, मी पहिल्या रांगेत बसेन. पण त्या खोलीत तीन दमलेली माणसं बसणार आहेत, समोर आणखी चौथी मी, आणि आमच्यापैकी कुणालाही इतिहास नकोय. त्यांनी विचारायचं ते त्या पोलिसाने विचारलं होतं तेच आहे. या वेळी मी तोंड मिटून बसेन. कितीही वेळ शांतता राहिली तरी मिटून बसेन, हे लक्षात ठेव. तुझ्या मदतीला मी येणार नाही.

लोभ आहे. त्यात शंका कधीच नव्हती, आणि गुरुवारी काय होतं त्यावर तो अवलंबूनही नाही.

चौदा तारखेला अकरा वाजता, कंपनीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिन्यासमोरची खोली. धाकटीला आणि चिमणीला घेऊन ये. तुझं नाव पुकारलं की उभा राहा, गाडी मी चालवत होतो एवढं म्हण, आणि खाली बस.

ताई